डोळा, हात, नाव आणि काळ : व्हेंचर कॅपिटलिस्टांची चरित्रं संशोधनात कशी वापरायची?

मॅनेजमेंट, कॉमर्स किंवा अर्थशास्त्रात पीएचडी करायचं ठरलं की सिनॉप्सिससाठी एक विषय हमखास डोक्यात येतो : 'यशस्वी व्हेंचर कॅपिटलिस्टांचे गुण : एक अभ्यास'. विषय आकर्षक आहेच. माणसं प्रसिद्ध, त्यांची चरित्रं आणि मुलाखती भरपूर, आणि इंटेल, अ‍ॅपल ही नावं घेतली की ऐकणारा सावरून बसतो. पण पाच-सहा चरित्रं वाचायची, त्यातून 'दूरदृष्टी', 'माणसांची पारख', 'धोका पत्करण्याची तयारी' असे गुण वेचायचे आणि त्यांचा तक्ता करायचा, एवढाच तुमचा बेत असेल तर समितीतला पहिला प्रश्न तुम्हाला अडकवणार : "हेच गुण असून जे बुडाले, त्यांचं काय?"

म्हणून चरित्रं बाजूला ठेवा असं मी म्हणत नाहीये. चरित्र हा पुरावा म्हणून कच्चा माल आहे, पण प्रश्न शोधायला त्याच्यासारखं दुसरं साधन नाही. या दोन कामांमधला फरक कळला की हाच विषय चांगला प्रबंध होऊ शकतो. तो फरक आपण काही खऱ्या आयुष्यांवरूनच बघू.

आधी धंदा समजून घ्या

व्हेंचर कॅपिटलिस्ट स्वतःचेच पैसे लावतो असा अनेकांचा समज असतो. बहुतेक वेळा तसं नसतं. पेन्शन फंड, विद्यापीठांचे निधी, विमा कंपन्या, श्रीमंत कुटुंबं यांच्याकडून पैसे गोळा करून एक फंड उभा केला जातो. त्याची मुदत साधारण दहा वर्षांची. फंड चालवणारे दरवर्षी दोन टक्क्यांच्या आसपास शुल्क घेतात आणि नफा झाला तर त्यातला साधारण पाचवा हिस्सा त्यांचा. हा पैसा अगदी नवख्या कंपन्यांमध्ये शेअरच्या बदल्यात लावला जातो. कर्ज नाही, त्यामुळे हप्ता नाही, तारण नाही. कंपनी बुडाली की पैसे गेले. बहुतेक वेळा कंपनी शेअर बाजारात आली किंवा मोठ्या कंपनीने विकत घेतली तरच पैसे सुटतात.

या रचनेतून एक गोष्ट निघते, आणि ती पुढच्या सगळ्या चर्चेचा पाया आहे : बहुतेक गुंतवणुकी काहीच देत नाहीत आणि एखाद-दुसरी सगळ्यांची भरपाई करते.

दोरिओ : एका गुंतवणुकीचं वजन

जॉर्ज दोरिओ यांचा जन्म १८९९ चा, पॅरिसचा. १९२१ मध्ये ते अमेरिकेत आले, हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये प्राध्यापक झाले, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या पुरवठा खात्यात ब्रिगेडियर जनरलच्या हुद्द्यापर्यंत पोचले. १९४६ मध्ये बॉस्टनला 'अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट' ही कंपनी स्थापन झाली. एमआयटीचे अध्यक्ष कार्ल कॉम्प्टन आणि राल्फ फ्लँडर्स हे त्यामागचे इतर प्रमुख. युद्धकाळात प्रयोगशाळांमध्ये जे तंत्रज्ञान तयार झालं होतं त्याला धंद्यात आणायला बँका पैसे देत नव्हत्या. ती जागा या कंपनीने घेतली. दोरिओंना 'व्हेंचर कॅपिटलचे जनक' म्हणतात ते यावरून.

१९५७ मध्ये या कंपनीने 'डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन' या नव्या संगणक कंपनीच्या शेअरमध्ये ७० हजार डॉलर घातले. पुढे त्या हिश्श्याची किंमत ३५ कोटी डॉलरच्या घरात गेली. आता पुढचे दोन आकडे वहीत लिहून ठेवा. दोरिओंच्या कंपनीचा पंचवीस वर्षांचा परतावा वर्षाला सरासरी १४.७ टक्के होता. 'डिजिटल'ची एक गुंतवणूक वगळली तर तो ७.४ टक्के उरतो.

संशोधक म्हणून इथे थांबायला हवं. ती एक गुंतवणूक हुकली असती तर दोरिओ तेच असते. शिस्त तीच, अनुभव तोच, वर्गातली व्याख्यानं तीच. बदललं असतं ते फक्त आपण त्यांच्यावर लिहिलेलं चरित्र. निकाल एवढा एका घटनेवर अवलंबून असेल, तर निकालावरून माणसाचे गुण काढणं किती कठीण आहे बघा. संख्याशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर अशा वितरणात सरासरी फार अस्थिर असते, आणि एका माणसाच्या आयुष्यात मोजायला पुरेशा मोठ्या घटना नसतात.

रॉक : पत्र कोणाकडे गेलं?

दुसरं आयुष्य आर्थर रॉक यांचं. जन्म १९२६, न्यूयॉर्क राज्यातलं रॉचेस्टर. हार्वर्डमधून एमबीए करून ते न्यूयॉर्कच्या 'हेडन, स्टोन' या दलाली पेढीत काम करत होते. १९५७ मध्ये कॅलिफोर्नियात, नोबेल मिळालेल्या विल्यम शॉकलींच्या प्रयोगशाळेतले आठ तरुण संशोधक साहेबाच्या वागण्याला कंटाळले होते. त्यांतले युजीन क्लायनर यांनी आपल्या वडिलांचं खातं असलेल्या या पेढीला पत्र लिहिलं : आम्हा सगळ्यांना एकत्र नोकरी देईल अशी कंपनी मिळेल का? पत्र फिरत फिरत रॉक यांच्या टेबलावर आलं. रॉक आणि त्यांचे वरिष्ठ विमानाने सॅन फ्रान्सिस्कोला गेले आणि त्यांनी उलटाच सल्ला दिला : नोकरी कशाला शोधता, स्वतःची कंपनी काढा. तीसेक कंपन्यांची दारं ठोठावून झाल्यावर शेर्मन फेअरचाइल्ड यांनी पैसे द्यायचं कबूल केलं. 'फेअरचाइल्ड सेमिकंडक्टर' ती हीच.

पुढे रॉक कॅलिफोर्नियात गेले. १९६१ मध्ये टॉमी डेव्हिस यांच्याबरोबर त्यांनी फंड काढला. सुमारे ३० लाख डॉलर गुंतवून त्या फंडाने गुंतवणूकदारांना १० कोटींच्या आसपास परत दिले. १९६८ मध्ये त्या आठांपैकी रॉबर्ट नॉईस आणि गॉर्डन मूर यांनी इंटेल काढली, तेव्हा २५ लाख डॉलर उभे करून देणारेही रॉकच.

ही गोष्ट दोन प्रकारे सांगता येते. पहिला प्रकार : रॉक यांनी आठ माणसांतलं तेज ओळखलं. दुसरा प्रकार : पत्र त्यांच्या पेढीत आलं, कारण क्लायनर यांच्या वडिलांचं खातं तिथे होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिकी सरकार क्षेपणास्त्रं आणि विमानांसाठी ट्रान्झिस्टर शोधत सुटलं. फेअरचाइल्डची पहिली ऑर्डरच आयबीएमकडून, लष्करी विमानाच्या संगणकासाठी आली होती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. चरित्र वाचून त्यातली कोणती किती खरी, हे मात्र ठरवता येत नाही.

एका कंपनीतून निघालेले धागे

आता ही साखळी बघा. पत्र लिहिणारे युजीन क्लायनर आणि ह्यूलेट-पॅकार्डमध्ये काम केलेले टॉम पर्किन्स यांनी १९७२ मध्ये 'क्लायनर पर्किन्स' काढली. पर्किन्स हार्वर्डला दोरिओंचे विद्यार्थी होते. त्याच वर्षी डॉन व्हॅलेंटाइन यांनी 'सेकोया' सुरू केली. व्हॅलेंटाइन आधी फेअरचाइल्डच्या विक्री विभागात होते. म्हणजे इंटेल, क्लायनर पर्किन्स आणि सेकोया या तिन्हींची मुळं त्या एका कंपनीत जातात.

क्लायनर पर्किन्सच्या पहिल्या फंडाचं यश मुख्यतः दोन कंपन्यांचं : 'टँडम कॉम्प्युटर्स' आणि 'जेनेन्टेक'. टँडमचे जिमी ट्रेबिग आणि जेनेन्टेकचे रॉबर्ट स्वॉन्सन हे दोघंही आधी क्लायनर पर्किन्समध्येच काम करत होते. म्हणजे इथे बाहेरून आलेल्या शंभर प्रस्तावांतून हिरा निवडला असं चित्र रंगवणं चूक ठरेल. जेनेन्टेकमध्ये १९७६ मध्ये एक लाख डॉलर घालून पर्किन्स यांनी संचालक मंडळावर बसून कामाचा क्रम बदलला. आधी सगळ्यात धोक्याचा भाग तपासा, तोही बाहेरच्या प्रयोगशाळांकडून काम करून घेऊन, म्हणजे जमलं नाही तर थोडक्यात आटोपेल, असं त्यांचं धोरण होतं. १९८० मध्ये जेनेन्टेक शेअर बाजारात आली तेव्हा ३५ डॉलरला दिलेला शेअर पहिल्याच दिवशी ८८ पर्यंत गेला.

व्हॅलेंटाइन यांच्या ओळखीत 'अ‍ॅपलमध्ये सुरुवातीला गुंतवणूक' हे वाक्य नेहमी येतं. सेकोयाने तो हिस्सा अ‍ॅपल १९८० च्या शेवटी बाजारात येण्याआधीच विकून टाकला होता, हे क्वचित येतं. चरित्रातलं प्रत्येक वाक्य खरं असूनही चित्र अपुरं राहतं, ते असं.

चार उत्तरं

या आयुष्यांमधून 'यश का आलं?' याची चार वेगवेगळी उत्तरं निघतात. मी त्यांना सोयीसाठी अशी नावं देतो.

डोळा : चांगली कंपनी ओळखण्याची क्षमता.
हात : पैसे दिल्यावर केलेली मदत आणि देखरेख, उदाहरणार्थ जेनेन्टेकमधले पर्किन्स.
नाव : एकदा यश मिळाल्यावर चांगले उद्योजक आपणहून तुमच्याकडे येतात, उदाहरणार्थ नॉईस यांचा रॉक यांना फोन.
काळ : योग्य जागी, योग्य वर्षी, योग्य क्षेत्रात असणं.

चौथ्या उत्तरात कायदेही येतात हे विसरू नका. १९७८ मध्ये अमेरिकेत भांडवली नफ्यावरचा कमाल कर सुमारे ४९ टक्क्यांवरून २८ टक्क्यांवर आला. १९७९ मध्ये पेन्शन फंडांच्या नियमाचा खुलासा झाला आणि त्यांना अशा जोखमीच्या फंडात पैसे घालता येऊ लागले. त्यानंतर जे या धंद्यात आले त्यांच्या हातात आलेला पैसा आधीच्या पिढीपेक्षा कितीतरी जास्त होता.

खुद्द या धंद्यातली माणसं काय म्हणतात? गॉम्पर्स, गोर्नल, काप्लान आणि स्ट्रेबुलाएव यांनी ८८५ व्हेंचर कॅपिटलिस्टांची पाहणी केली (लेख २०२० मध्ये प्रसिद्ध झाला). प्रस्ताव शोधणं, त्यातून निवडणं आणि नंतर मदत करणं या तिन्हींत त्यांनी निवडीला सर्वांत महत्त्व दिलं. म्हणजे ते स्वतः 'डोळा' म्हणतात. ही माहिती मोलाची आहे, पण ती त्यांच्या समजुतीबद्दलची आहे. यशाचं कारण तेच, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

वेगळं कसं करायचं?

इथे संशोधनाची पद्धत कामाला येते. तीन लेख मुद्दाम एकापाठोपाठ वाचा, कारण तिघांनी एकाच गुंत्याचा वेगवेगळा धागा सोडवलाय.

पहिला मॉर्टेन सोरेन्सन यांचा, २००७ चा. अनुभवी गुंतवणूकदारांच्या कंपन्या जास्त प्रमाणात शेअर बाजारात जातात हे माहीत होतं. पण ते त्यांच्या मदतीमुळे, की मुळातच चांगल्या कंपन्या त्यांच्याकडे जातात म्हणून? सोरेन्सन यांनी याकडे लग्न जुळवण्यासारखं पाहिलं : निवड दोन्ही बाजूंनी होते, आणि बाजारात इतर कोण उपलब्ध आहे यावरही ती अवलंबून असते. निष्कर्ष असा की जुळणीचा वाटा प्रत्यक्ष प्रभावाच्या जवळपास दुप्पट आहे.

मग 'हात' बिनकामाचा का? दुसरा लेख बर्नस्टीन, जिरू आणि टाउनसेंड यांचा, २०१६ चा. त्यांची युक्ती फार सुंदर आहे. एखाद्या मार्गावर नवी थेट विमानसेवा सुरू झाली की गुंतवणूकदाराला आपल्या कंपनीपर्यंत पोचायला कमी वेळ लागतो. कंपनी आधीच निवडलेली आहे, त्यामुळे 'डोळा' इथे बदलत नाही. बदलते ती फक्त ये-जा. अशा कंपन्यांमध्ये नवसंशोधन वाढलं आणि यशस्वी शेवटाची शक्यताही वाढली. म्हणजे हाताला किंमत आहे. याला नैसर्गिक प्रयोग म्हणतात : प्रयोग तुम्ही केलेला नसतो, जगाने करून ठेवलेला असतो, तुम्ही तो फक्त ओळखायचा.

तिसरा लेख नंदा, सामिला आणि सोरेन्सन यांचा, २०२० चा (हे सोरेन्सन वेगळे, ओलाव नावाचे). फंड चालवणाऱ्या संस्थेच्या पहिल्या दहा गुंतवणुकींत शेअर बाजारात गेलेली एक कंपनी जास्त असेल, तर पुढच्या गुंतवणुकींचा तसाच यशाचा दर आठ टक्क्यांपर्यंत जास्त असतो, आणि हा फायदा काळाबरोबर विरत जातो. सुरुवातीचं यश बऱ्याच अंशी योग्य जागा आणि योग्य काळ यांतून येतं. पण तीच संस्था पुढेही योग्य जागा-काळ निवडत राहते असं दिसत नाही. पुढे टिकतो तो चांगल्या व्यवहारांपर्यंत पोचण्याचा मार्ग. थोडक्यात, काळाने नाव दिलं आणि नावाने पुढचं यश सोपं केलं.

तिन्ही लेखांत कोणाही एका माणसाचं आयुष्य नाही. तरीही रॉक आणि पर्किन्स यांची आयुष्यं वाचली नसती तर हे प्रश्न सुचायला जड गेलं असतं.

यादीत कोण नाही?

तुमच्या सॅम्पलची सगळ्यात मोठी अडचण ही की चरित्र यशस्वी माणसाचंच लिहिलं जातं. याला सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात. गुंतवणूक संस्था 'बेसेमर' आपण नाकारलेल्या आणि नंतर प्रचंड मोठ्या झालेल्या कंपन्यांची यादी स्वतःच जाहीरपणे ठेवते. त्यात अ‍ॅपल, गुगल आहेत, फेडेक्सही आहे. अशी कबुली दुर्मीळ म्हणून विद्यार्थी ती लगेच उचलतात. पण ही यादीसुद्धा निकाल लागल्यावर केलेली आहे. नाकारलेल्या आणि खरोखरच बुडालेल्या शेकडो कंपन्या तीत नाहीत, आणि पैसे घालून बुडालेल्याही नाहीत.

म्हणून एक नियम पाठ करा : निकाल लागायच्या आधी तयार झालेली यादी शोधा. त्या यादीतल्या सगळ्यांचा, बुडालेल्यांचाही, माग काढा. भारतात काम करायचं असेल तर सेबीकडे नोंदणी झालेल्या फंडांची यादी हा चांगला प्रारंभ आहे. १९९६ मध्ये व्हेंचर कॅपिटल फंडांसाठी नियम आले, २०१२ मध्ये त्यांची जागा पर्यायी गुंतवणूक निधीच्या नियमांनी घेतली. नोंदणीच्या वेळी कोणता फंड चालणार हे कोणालाच माहीत नसतं, म्हणूनच ती यादी मोलाची. मात्र वेबसाइटवर दिसते ती आजची यादी, बाहेर पडलेले फंड तीत असतीलच असं नाही. तारीख टाकून प्रत जतन करत चला, आणि जुन्या वार्षिक अहवालांशी ताळा करा.

एक आयुष्य, चार रकाने

सराव म्हणून विनोद खोसला घ्या. जन्म १९५५, पुणे. त्यामुळे आपल्याकडे 'पुण्याचे खोसला' असा अभिमान दिसतो, पण ते वाढले दिल्लीत आणि शिकले आयआयटी दिल्लीत. जन्मगाव हे इथे काहीही समजावून सांगत नाही. चरित्रातला तपशील आणि कारण यांत फरक करण्याची सवय इथूनच लावा. पुढे कार्नेगी मेलन, मग स्टॅनफर्डमधून एमबीए. १९८२ मध्ये बेक्टोल्शाइम, मॅकनीली आणि जॉय यांच्याबरोबर 'सन मायक्रोसिस्टिम्स'. सनमध्ये पैसे होते क्लायनर पर्किन्सचे. १९८६ मध्ये खोसला त्याच संस्थेत भागीदार झाले, आणि २००४ मध्ये त्यांनी स्वतःची 'खोसला व्हेंचर्स' काढली.

आता चार रकाने आखा आणि त्यांच्या प्रत्येक गुंतवणुकीसमोर लिहा : ती कशी हाती आली, कोणी ओळख करून दिली, कोणत्या वर्षी आणि क्षेत्रात, सोबत कोण होतं, पैसे दिल्यावर त्यांनी काय केलं, शेवट काय झाला. बुडालेल्याही लिहा. तक्ता भरताना जो रकाना सतत रिकामा राहील, तिथे तुमचा संशोधनाचा प्रश्न दडलेला असतो.

साधनांसाठी पैसे खर्च करायची गरज नाही. बर्कलीच्या बँक्रॉफ्ट ग्रंथालयाने सुरुवातीच्या व्हेंचर कॅपिटलिस्टांच्या प्रदीर्घ मुलाखती घेऊन ठेवल्यात. रॉक, पर्किन्स, व्हॅलेंटाइन त्यात आहेत, आणि त्या इंटरनेटवर मोफत वाचता येतात. कॅलिफोर्नियाचा सरकारी पेन्शन फंड 'कॅलपर्स' आपण पैसे घातलेल्या फंडांचे परतावे जाहीर करतो. इतिहासासाठी टॉम निकोलस यांचं २०१९ चं पुस्तक घ्या. मुलाखत वाचताना एवढं लक्षात असू द्या की माणूस तीस-चाळीस वर्षांनी, निकाल माहीत असताना बोलतोय. त्याच काळातलं पत्र किंवा कंपनीचा कागद मिळाला तर त्याचं वजन जास्त धरा.

आता सिनॉप्सिसचं शीर्षक बदलून बघा. 'यशस्वी व्हेंचर कॅपिटलिस्टांचे गुण' ऐवजी : 'पहिल्या फंडाला लवकर यश मिळालेल्या भारतीय संस्थांना दुसरा फंड उभा करायला कमी वेळ लागतो का? एकाच वर्षात नोंदणी झालेल्या फंडांची तुलना'. हे शीर्षक ऐकायला फिकं आहे, इंटेल-अ‍ॅपलची झळाळी त्यात नाही. पण यात तुलना आहे, कालमर्यादा आहे, आणि उत्तर 'नाही' येण्याची खरी शक्यता आहे. समितीतून कोणी विचारलं, "बुडाले त्यांचं काय?" तर तुम्ही सांगू शकाल, "ते यादीत आहेत."